बांगडी, अंगठा आणि सही

आमच्या वाईच्या घरी लक्ष्मीपूजनाचा एक ठरलेला थाट असे. पाटावर तांदळाची रास, तिच्यावर कलश, पुढे लाह्या-बत्तासे, धने-गूळ, नवी केरसुणी, आणि त्या केरसुणीला टेकून ठेवलेले आईचे पासबुक. व्यापाऱ्याच्या घरी त्या दिवशी चोपड्यांची पूजा होते. आमच्या शिक्षकाच्या घरात चोपडी कुठली असणार? पण आईने त्यावर पूर्वीच तोड काढली होती. "मास्तरणीची चोपडी म्हणजे हीच," असे म्हणून ती पासबुकाला हळदकुंकू लावी. त्यामुळे तिच्या सगळ्या पासबुकांच्या कोपऱ्यांवर कुंकवाचे फिकट डाग आहेत, आणि बँकेतल्या खिडकीवर ते कधी कुणाला खटकले नाहीत.

२०२५ सालच्या दिवाळीआधी मात्र हे पासबुक मुके झाले. खात्यात पैसे होते. दर महिन्याला निवृत्तिवेतनाची त्यात भर पडत होती. पण त्यातला एक रुपया बाहेर काढण्याची सोय उरली नव्हती. झाले होते ते असे. आई २०२३ च्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पलंग ते खिडकीतली खुर्ची एवढेच तिचे जग उरले. वय सत्त्याऐंशी. उजव्या हाताला कंप. मी पुण्याहून येऊन जाऊन तिच्यापाशी असे, घरखर्च मीच चालवी, म्हणून दोन वर्षे खात्याकडे कुणी पाहिले नाही. नवरात्रात आई म्हणाली, "मला माझे पैसे हवेत. सांभाळणाऱ्या बाईंना बोनस द्यायचा आहे, नातवंडांना ओवाळणी घालायची आहे. तुझ्या पैशांनी माझी ओवाळणी होत नाही."

मी तिने सही केलेला चेक घेऊन बँकेत गेले. चेक परत आला. सही जुळत नव्हती. एटीएमच्या कार्डाची मुदत संपून गेली होती. नव्या कार्डासाठी मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक हवा, म्हणजे तो ओटीपी. आणि आईचा मोबाईल क्रमांक पैसे न भरल्यामुळे केव्हाच बंद पडला होता. त्यातच ओळखीची कागदपत्रे ठरल्या मुदतीत नव्याने दिली नव्हती, म्हणून खात्यातून पैसे देणेच थांबवलेले. एकेक कुलूप उघडायला गेले की त्याची किल्ली दुसऱ्या कुलपात, असा प्रकार. खिडकीवरचा तरुण सौजन्याने म्हणाला, "आजींना एकदा घेऊन या, म्हणजे सगळं होऊन जाईल." मी म्हटले, "त्या येऊ शकत नाहीत, म्हणून तर मी आले." तो म्हणाला, "मग अवघड आहे." अशा तीन खेपा झाल्या.

तिसऱ्या खेपेला त्याने संगणकाच्या पडद्यावर आईची नमुना सही मला दाखवली. १९७१ साली खाते उघडताना केलेली. ठसठशीत अक्षर, 'शि'ची वेलांटी डौलदार, खाली एक सरळ रेघ. तेहेतीस वर्षांची माझी आई त्या पडद्यावर उभी होती आणि ती घरी पलंगावर पडलेल्या आईला ओळखायला तयार नव्हती. मी चेक घेऊन मुकाट्याने बाहेर पडले.

वाचकहो, येथे कबूल करते की त्या रात्री माझ्या मनात एक पाप आले. आईची ती सही मला हुबेहूब करता येते. सातवीत असताना सहामाहीच्या प्रगतीपुस्तकावर मी ती केली होती. मी कोऱ्या कागदावर दोन-तीनदा करून पाहिली, अगदी जमली. आईने पलंगावरून विचारले, "काय लिहितेस?" मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "सातवीत तुला छडी मिळाली होती. आता बँक काय देईल, ते विचारून ये." कागद मी फाडून टाकला.

मग, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईने जे करायचे तेच मी केले. 'हा माणूस तोच कशावरून?' हा प्रश्न माझ्यासमोर होता, आणि तो काही बँकेने काल काढलेला नव्हता. आपल्या पूर्वजांनी तो कसा सोडवला, ते शोधू लागले.

त्यासाठी फार लांब जावे लागले नाही. आमची वाई ही सरदार रास्त्यांची. ते घराणे सावकारीतही मोठे. नदीच्या वरच्या अंगाला थोड्याच अंतरावर मेणवली, तिथे नाना फडणविसांचा वाडा आणि त्यांच्या कागदांचे ते नामांकित मोडी दप्तर. त्या काळी पैशांचा प्रवास हुंडीवर चाले. काशीयात्रेला निघालेला माणूस रोकड बांधून नेत नसे. येथल्या सावकाराकडे पैसे भरी आणि तिकडच्या पेढीवर हुंडी वटवी. हुंडी दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झाल्यावर निकामी झालेल्या हुंडीला खोखा म्हणत.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ती शाहजोग हुंडी. या हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या 'शाहा'च्या हातीच ते द्यायचे. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर त्या शाहाने पैसे परत करायचे. म्हणजे ओळख कागदात नव्हती, ती मध्यस्थाच्या अब्रूत होती. चेक-हुंडीसंबंधीचा १८८१ चा कायदा इंग्रजांनी केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्याने हात लावला नाही. आणि मौज अशी की हा शाहा पुढे बँकेतही आला. आईने १९७१ साली खाते उघडले तेव्हा अर्जावर ओळख देणारा म्हणून तिच्या मुख्याध्यापकांनी सही केली होती. ते बँकेचे जुने खातेदार. शाहजोग हुंडीतला शाहाच तो, फक्त पगडी जाऊन टोपी आलेली! ओळखपत्रांचे युग आल्यावर या ओळखदाराची गरज संपली.

सहीचीही कथा अशीच आहे. 'सही' हा शब्द आपण अरबीतून घेतला. त्याचा मूळ अर्थ 'खरे', 'बरोबर'. मराठेशाहीत पत्राचा मजकूर लेखक लिही; धन्याच्या स्वतःच्या हाताने लिहिलेले असेल तर 'दस्तुर खुद्द' म्हणत. मजकूर संपला की तिथे मोर्तबाचा लहान शिक्का उठे. त्याच्या पुढे कुणी एखादी ओळ घुसडू नये, एवढ्यासाठी. आपण आजही एखाद्या गोष्टीवर 'शिक्कामोर्तब झाले' म्हणतो ते तेथूनच.

आणि ज्याला लिहिता येत नव्हते त्याचे काय? त्याच्यापाशी निशाणी होती. गावच्या महजरावर, खरेदीखतावर कुणब्याच्या नावापुढे नांगर काढलेला असे. ज्याचा जो धंदा, त्याचे हत्यार ही त्याची सही. आणि बाईमाणसाची निशाणी होती बांगडी. कागदावर एक वाटोळे. मला हे वाटोळे नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. त्या बाईला अक्षर येत नव्हते, परंतु व्यवहार तिच्या नावाने होत होता. कागद तिला विचारून पुढे जात होता. याच मेणवलीत नाना फडणविसांची तरुण विधवा जिऊबाई पुढे राहिली. नाना १८०० साली वारले, त्यानंतर तिच्या वाट्याला जे हाल आले ते इतिहासात नोंदलेले आहेत. अखेर इंग्रजांकडून तिला तनखा मिळाला. राज्यकारभाराची सूत्रे हलवणाऱ्या पुरुषाच्या पत्नीलाही शेवटी आपल्या हक्काच्या पैशांसाठी परक्यांच्या कागदाची वाट पाहावी लागली. ही गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही."

आता अंगठ्याकडे येऊ. अंगठा म्हणजे अडाण्याची सही, असे आपण धरून चालतो. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द तर आपण शिवीसारखा वापरला. पण त्याचा जन्म वेगळाच आहे. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा कंपनीचा अंमलदार होता. रस्त्याच्या खडीचा मक्ता त्याने राज्यधर कोनाई या माणसाला दिला. उद्या हा 'ही सही माझी नव्हेच' म्हणेल, या धास्तीने हर्शेलने त्याच्या तळहाताला शाई लावून करारपत्राच्या मागे सगळा पंजाच उठवून घेतला. पुढे वर्षानुवर्षे त्याने ठसे जमवले आणि एकाच माणसाचे ठसे काळाने बदलत नाहीत हे ताडले. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने हे ठसे सरकारी कामात आणले. कोणत्या कामात? कैद्यांच्या, दस्तनोंदणीच्या, आणि निवृत्तिवेतनाच्या! पेन्शनर वारल्यावरही त्याच्या नावाने कुणीतरी पैसे उचलत राही. त्याला आळा घालायचा होता. पुढे १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. तिथल्या वर्गीकरणाच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा देशी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

तेव्हा अंगठा हा मुळात साक्षर-निरक्षर असा भेद करणारा नव्हता. तो पेन्शनरांचा खास दागिना होता म्हणा! पण व्यवहारात काय झाले, तर लिहिणाऱ्याने सही करायची आणि न लिहिणाऱ्याने अंगठा द्यायचा, अशी वाटणी पडली. आणि अंगठ्यावर अडाणीपणाचा शिक्का बसला.

हा शिक्का आईच्या मनावर किती खोल बसला होता, ते मला माहीत होते. १९५९ साली आमच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि तेथून ती साऱ्या महाराष्ट्रात पसरली. गावेच्या गावे साक्षर करण्याची ती चळवळ. आई तेव्हा एकवीस वर्षांची, नुकतीच लागलेली प्राथमिक शिक्षिका. दिवसा मुलांची शाळा, रात्री कंदिलाच्या उजेडात बायांची. शेतात राबून आलेल्या बाया पाटीवर आधी आपले नाव गिरवीत. आई सांगते, "त्यांना बाराखडी नको असायची. 'बाई, आधी माझं नाव शिकवा, मनीऑर्डरीवर अंगठा द्यायला लाज वाटते' म्हणायच्या." मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्याची मनीऑर्डर गावी येई. पोस्टमन ओट्यावर बसून शाईची डबी उघडी, अंगठा घेई आणि साक्षीला कुणालातरी हाक मारी. पुढे त्याच बाया तोच कागद पुढे ओढून, जीभ दातांत धरून, तीन मिनिटे घेऊन स्वतःचे नाव लिहीत, आणि पोस्टमन तेवढा वेळ थांबे. आईच्या आयुष्यातली मिळकत कोणती, असे विचारले तर ती पासबुकातला आकडा सांगणार नाही; ही तीन मिनिटे सांगेल.

पोस्टमनवरून एक गोष्ट लक्षात आली. मनीऑर्डर पोस्टाकडे आली १८८० साली, आणि देशभर पोस्टाची बचत बँक सुरू झाली १ एप्रिल १८८२ रोजी. म्हणजे 'बँक घरी येणे' ही नवी गोष्ट नाही. निदान मनीऑर्डरीपुरता पैसा शंभर वर्षांहून अधिक काळ खाकी कपड्यांत दारोदार हिंडत होता. मोठ्या बँका मात्र बराच काळ शहरांत आणि पेठांत राहिल्या. मुंबईत बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये निघाली, कापसाच्या सट्ट्यात होरपळून १८६८ मध्ये बुडाली, त्याच नावाने पुन्हा उभी राहिली, १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तीच स्टेट बँक झाली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यानंतर तालुक्या-तालुक्यांत शाखा निघू लागल्या. आईचे खाते त्या लाटेतले. पगार हातात रोख मिळायचा तो खात्यात जमा होऊ लागला, आणि आईच्या शब्दांत, "कुणाला न विचारता काढता येतील असे पैसे" तिला प्रथमच मिळाले.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना आली, आणि कोट्यवधींची खाती निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात निवृत्तांना बोटाच्या ठशावर हयातीचा दाखला देण्याची सोय झाली. हुगळीच्या हर्शेलचा अंगठा फिरून पेन्शनरांकडेच आला म्हणायचा! पण म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात. भांडी घासून, दळण दळून, खडू धरून झिजतात, आणि यंत्र म्हणते, 'जुळत नाही.' २०२१ च्या नोव्हेंबरात चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली ती एका अर्थी या झिजलेल्या बोटांमुळेच.

हा सारा इतिहास उजळताना माझा बँकेवरचा राग थोडा निवळला. खोट्या सहीच्या चेकवर पैसे दिले तर खातेदाराने ते दिले असे होत नाही. तो भुर्दंड बँकेवर पडू शकतो. तेव्हा खिडकीवरचा तो तरुण आईचा शत्रू नव्हता, एका अर्थी तिचा पहारेकरीच होता. मात्र ज्याच्यासाठी पहारा, त्याच मालकिणीला दाराबाहेर ठेवायचे, हे कुठल्या शास्त्रात बसते?

शोधता शोधता कळले की तसे ते बसतच नाही. आजारी, वृद्ध, हालचाल न करता येणाऱ्या खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच नियम घालून दिले आहेत. खातेदाराला सही करता येत नसेल, बँकेत जाता येत नसेल, तर हाताच्या किंवा पायाच्याही अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखायचा. त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. ठसाही देता येत नसेल तर नुसती खूण चालते, साक्षीची रीत तीच. पैसे घ्यायला कोण येईल ते खातेदाराने सांगायचे, आणि त्या माणसाची सही बँकेने घ्यायची. एवढेच नव्हे, तर ९ नोव्हेंबर २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की सत्तरीपुढच्या आणि अपंग वा दुर्बल खातेदारांना रोकड, चेकबुक, ओळखीची कागदपत्रे, हयातीचा दाखला अशा मूळ सेवा घरपोच देण्याची व्यवस्था करा.

नुसती खूण! मी वाचता वाचता थांबले. कुणब्याचा नांगर आणि बाईची बांगडी दोनशे वर्षांचा प्रवास करून रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येऊन बसली होती.

मी साध्या मराठीत एक अर्ज लिहिला. आईचे वय, तिची अवस्था, डॉक्टरांचा दाखला, त्या दोन्ही नियमांचा उल्लेख, आणि चार मागण्या: अधिकारी घरी पाठवावा, ओळखीची कागदपत्रे घरीच पाहावीत, मोबाईल क्रमांक बदलावा, नमुना सही नवी घ्यावी. अर्जाची पोच मागून घेतली. शाखाधिकाऱ्यांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, "सोय आहे. आमच्याकडे इतक्या दिवसांत कुणी मागितली नव्हती, म्हणून मुलांच्या लक्षात नव्हती." न मागितलेली सोय धूळ खात पडते, हाही इतिहासाचाच धडा.

धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी एक तरुण अधिकारी मुलगी एका शिपायाला घेऊन आमच्या घरी आली. शेजारचे डॉक्टर साक्षीदार म्हणून आले. तेही त्याच शाखेचे जुने खातेदार. कागदपत्रे पाहून झाली, नवा मोबाईल क्रमांक नोंदला गेला. मग त्या मुलीने पिशवीतून शाईचे पॅड काढले आणि म्हणाली, "आजी, डावा अंगठा द्या."

आईने हात मुठीत मिटला. "मी अंगठा देणार नाही."

"अहो आजी, त्याने सगळं सोपं होईल."

"सोपं होईल, ठाऊक आहे. किती जणींचे अंगठे मी सोडवले, ते तुला ठाऊक नाही, बाळ."

खोलीत कुणाला काही सुचेना. ती मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी आईजवळ बसले. हर्शेलची गोष्ट मी तिला आधी सांगितली होती. ती पुन्हा उगाळण्यात अर्थ नव्हता. मी म्हटले, "आई, मी पुण्याचं घर घेतलं तेव्हा खरेदीखतावर मलाही अंगठा द्यावा लागला. माझ्या पुढे एक डॉक्टर होते, मागे एक वकील, दोघांनीही दिला." ती म्हणाली, "तू सहीसुद्धा केलीस ना?" मी म्हटले, "केली." "मग मीही दोन्ही देईन. आधी सही."

त्या मुलीने घड्याळाकडे पाहिले नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. तिने पाटी मांडीवर ठेवावी तशी फाईल आईच्या पुढ्यात धरली. आईने पेन घेतले. हात थरथरत होता. पहिले अक्षर सांडले, दुसरे त्याच्या अंगावर गेले, वेलांटी तर आकाशातच राहिली. आईने जीभ दातांत धरली होती. तीन मिनिटे लागली असतील, अधिकही असतील. शेवटी तिने खालची सरळ रेघ मारली. ती मात्र अगदी जुन्यासारखी, पडद्यावर पाहिली होती तशी उमटली. मग डावा हात पुढे करून ती म्हणाली, "आता घे हवा तो अंगठा. पायाचा नको, तिथे पोचेपर्यंत दिवाळी होईल."

सगळे हसले. ठसा उमटला, त्याखाली त्या मुलीने आणि डॉक्टरांनी साक्षीच्या सह्या केल्या. पैसे आणायला कोण येईल, या रकान्यात आईने माझे नाव सांगितले. माझ्या धाकट्या भावाने दूरध्वनीवरून सुचवले होते की सगळे पैसे माझ्याच खात्यात टाकून टाकावेत, म्हणजे कटकट मिटेल. आईने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "खातं माझंच राहील. हिने फक्त पिशवी आणायची." व्यवहाराच्या दृष्टीने भावाचे चुकले होते असे नाही. परंतु पैसे सोयीच्या जागी असणे आणि आपल्या नावावर असणे यांत जे अंतर आहे, ते बांगडी उमटवणाऱ्या बाईला कळत होते, आणि आईलाही.

तीन-चार दिवसांत खाते मोकळे झाले. लक्ष्मीपूजनाला पासबुक पुन्हा केरसुणीला टेकून बसले. सांभाळणाऱ्या बाईंना बोनसचे पाकीट आईने स्वतःच्या हाताने दिले, आणि पाडव्याला जमलेल्या नातवंडांच्या हातांवर कोऱ्या नोटा ठेवताना प्रत्येकाला बजावले, "या माझ्या खात्यातल्या आहेत हं."

असो. दिवाळीच्या फराळासोबत उपदेश वाढू नये, पण वाचकांनी एका शिक्षिकेला एवढी मुभा द्यावी. घरात वडीलधारी माणसे असतील तर चार दिवस एकत्र जमल्यावेळीच त्यांच्या पासबुकाची विचारपूस करा. मोबाईल क्रमांक चालू आहे ना, ओळखीची कागदपत्रे वेळेवर दिली आहेत ना, सही बदलली असेल तर नमुना नवा दिला आहे ना, वारसाची नोंद केली आहे ना. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकखात्यावर चार जणांपर्यंत अशी नोंद करता येते. मुखत्यारपत्र करायचे असेल तर ते देणाऱ्याची समज शाबूत असतानाच. समज गेल्यावर त्याचा आधार राहत नाही. दोन वर्षे खातेदाराने काहीच उलाढाल केली नाही तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण तेथूनही ते मागता येतात, बुडत नाहीत. आणि त्यांच्या नावाची सही, कितीही चांगली जमली तरी, आपण करू नये. छडीची आठवण ठेवावी.

आईचे नवे पासबुक आले आहे. त्यावर अजून कुंकवाचा एकच डाग आहे. बँकेच्या संगणकात आता तिची नवी सही असते. जुनी सुंदर होती, हे खरे. पण ही वाकडीतिकडी, सांडलेली सही तिच्या शेजारी ठेवली तर जास्त मोलाची कोणती, हे मला विचाराल तर मी सांगेन: जिला उमटायला तीन मिनिटे लागली, ती.